फक्कीचा डाग

आमच्या क्लबात अण्णांना कुणी 'अहो' म्हणत नाही. 'ए अण्णा, नेट जरा वर घे', 'अण्णा, नवे चेंडू काढ रे', 'अण्णा, कोर्टावर पाणी मारलं नाहीस का आज?' अशा हाका सकाळी सहापासून सुरू होतात. हाका मारणाऱ्यांत कालपरवा मिसरूड फुटलेली मुलंही असतात. अण्णा पन्नाशीला आले आहेत. पण शाळेच्या शिपायाला जसं वय नसतं तसं टेनिसच्या मार्करलाही नसतं. मी पडलो मराठीचा मास्तर. आदरार्थी बहुवचन माझ्या जिभेवर कायमचं बसलेलं. तेव्हा मी आपला त्यांना 'अहो अण्णा' म्हणतो. या एका बहुवचनाच्या बळावर आपण मोठे समतावादी आहोत, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती कशी उतरली, तेच सांगायचं आहे.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी नुकतीच संपली होती. चकल्या-चिवडा पोटात होता आणि पोट माझ्यापुढे चार पावलं धावत होतं. दोन सेट कसेबसे संपवून मी बाकावर घाम पुसत बसलो होतो. इतक्यात अण्णा जवळ आले आणि उगीचच नेटच्या खांबाकडे बघत म्हणाले, "सर, एक काम होतं. पोरीला जरा मॅच द्याल का?"

ज्यांचा टेनिसशी काडीचा संबंध नाही अशा वाचकांना मार्कर हा काय प्राणी आहे ते सांगायला हवं. पहाटे कोर्टावर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या फक्कीनं रेघा मारायच्या, नेट ताणायचं, हे त्याचं काम. ज्या सभासदाला जोडीदार मिळाला नाही त्याच्याशी खेळायचं, हेही त्याचं काम. त्या खेळात सभासदाला आवडेल तेवढ्याच फरकानं हरायचं, ही त्यातली खरी कला. अण्णा या कलेत निष्णात आहेत. एका सभासदाशी ते सहा-चार हरतात, दुसऱ्याशी सात-पाच. मला ते कधीकधी सहा-तीनही हरवू देतात. परीक्षेचे पेपर तपासण्याच्या दिवसांत मी फार थकलेला दिसतो म्हणून असावं.

त्यांची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. कोर्टाच्या कडेला चेंडू वेचता वेचता ती खेळायला लागली. तिच्या वाट्याला कोर्ट यायचं ते सकाळी अकरा ते दुपारी तीन. म्हणजे सांगलीच्या उन्हात ज्या वेळी कुत्रंही सावली सोडत नाही त्या वेळी. याला क्लबाच्या कमिटीनं परवानगी दिलेली नव्हती आणि नाकारलेलीही नव्हती. टेनिसमध्ये मुलांचे बारा, चौदा, सोळा आणि अठरा वर्षांखालचे असे गट असतात. ही चौदाखालच्या गटात खेळायची. गावात तिच्या तोडीची मुलगी नव्हती. मॅच हवी तर पुण्याला जायचं. पुण्याला जायचं म्हणजे दोघांचं भाडं, राहणं, स्पर्धेची फी, आणि अण्णांचा बुडालेला पगार. तेव्हा गावातच कुणी मोठ्या माणसांनी पोरीशी मनापासून खेळावं, एवढीच अण्णांची विनवणी होती.

ती त्यांनी आधी इतरांकडे केलेली होती. डॉक्टरांनी गुडघा पुढे केला. आदल्याच संध्याकाळी त्या गुडघ्यानं ते तीन सेट खेळले होते. वकीलसाहेबांनी 'बघू, पुढच्या तारखेला' असं उत्तर दिलं. बँकेतल्या साहेबांना शनिवार-रविवार सोडून सगळे दिवस मोकळे होते आणि मुलीला शनिवार-रविवार सोडून सगळे दिवस शाळा होती. खरं कारण सगळ्यांचं एकच. जिंकलो तर लोक म्हणणार, 'एवढ्याशा पोरीला हरवलंत, त्यात काय?' आणि हरलो तर म्हणणार, 'एवढ्याशा पोरीकडून हरलात?' भांडवल आपलं, जोखीम आपली आणि नफा शून्य, असल्या धंद्यात शहाणा माणूस पडत नाही.

मी पडलो. शहाणपणा कमी म्हणून नव्हे, तर माझ्यातलं ते आदरार्थी बहुवचन जागं झालं म्हणून. "अहो अण्णा, त्यात काय विचारायचं? रविवारी पाठवा," मी म्हणालो.

आता माझ्या खेळाविषयी दोन शब्द. मी रॅकेट हातात धरली ती तेहतिसाव्या वर्षी, रक्तातल्या साखरेच्या धाकानं. त्या वयात शरीर काही नवं शिकत नाही. जुन्याच सवयींना नवी नावं देतं. लहानपणी मी विटी-दांडू खेळत असे, आणि माझा फोरहँड अजून दांडूचाच आहे. बॅकहँडला मी चेंडू मारीत नाही, चिरतो. रॅकेटची कड चेंडूच्या खालून सुरीसारखी फिरवली की चेंडू उलटा गरगरत जातो आणि मुरमाच्या कोर्टावर पडल्यावर वर यायचं विसरतो. याशिवाय नेटपलीकडे हळूच ठेवून दिलेला चेंडू आणि समोरच्याच्या डोक्यावरून आभाळात सोडलेला चेंडू, ही माझी आणखी दोन अस्त्रं. आमची सौभाग्यवती एकदाच मॅच पाहायला आली होती. घरी आल्यावर म्हणाली, "तुमचा खेळ तुमच्या लेखासारखा आहे हो. सरळ कुठंच जात नाही."

रविवारी मुलगी आली. दोन वेण्या, भावाचा असावा असा ढगळ सदरा आणि कुणा सभासदानं टाकून दिलेली, दांडीला चिकटपट्टी गुंडाळलेली रॅकेट. पण सरावाला पहिला चेंडू आला आणि मी सावध झालो. चेंडू नेटवरून हातभर उंचीनं आला, माझ्या पुढ्यात पडला आणि थेट खांद्यापर्यंत उसळला.

हल्लीच्या मुलांचा खेळ आमच्या पिढीच्या खेळाहून मुळातच निराळा आहे. आम्ही रॅकेट हस्तांदोलन करावं तशी धरतो. ही मुलं ती जमिनीवर पडलेला तवा उचलावा तशी धरतात. मग चेंडूला खालून वर घासत नेता येतं, तो पुढच्या दिशेनं भोवरतो, कितीही जोरानं मारला तरी कोर्टात खाली येतो आणि पडल्यावर उडतो. तारांचं गटिंगही बदललं. १९९७ साली ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन पॉलिएस्टरच्या तारा घेऊन पॅरिसच्या स्पर्धेत आला तेव्हा त्याला मानांकनही नव्हतं. जाताना तो विजेतेपद घेऊन गेला. तेव्हापासून जनावरांच्या आतड्याच्या तारा हळूहळू मागे पडल्या. शिवाय या मुलांना शिकवतात तेही टप्प्याटप्प्यानं. २०१२ सालापासून आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेनं दहा वर्षांखालच्या स्पर्धांना नेहमीचा पिवळा चेंडू बंदच केला आहे. आधी लाल चेंडू, तो नेहमीच्यापेक्षा ७५ टक्के मंद. मग नारिंगी, ५० टक्के. मग हिरवा, २५ टक्के. म्हणजे पोराला चेंडूमागे धावता धावता रडू येत नाही, आणि त्याचा हात नीट घडतो. अण्णांना हे सगळं ठाऊक होतं. पण असले रंगीत चेंडू आणायचे कुठून? त्यांनी सभासदांनी टाकलेले, दम गेलेले चेंडू वर्षावर्षांच्या हिशेबानं निरनिराळ्या पोत्यांत भरून ठेवले होते. तीन वर्षांपूर्वीचा चेंडू लाल, दोन वर्षांपूर्वीचा नारिंगी, गेल्या वर्षीचा हिरवा. मेलेला चेंडू आपोआपच मंद असतो.

पण ती पहिली मॅच मी जिंकली. सहा-तीन, सहा-दोन. कशी, ते सांगताना मला आजही थोडं बरं वाटतं. तव्याच्या पकडीला बुटका चेंडू मानवत नाही. माझा चिरलेला चेंडू तिच्या घोट्यापाशी घुटमळायचा, ती तो खालून खरवडायची आणि नेटमध्ये घालायची. नेट मधोमध तीन फूट उंच असतं आणि खांबापाशी साडेतीन. साडेचार फुटांच्या मुलीला ते भिंतीसारखंच. तिची दुसरी सर्व्हिस बिचारी चालत यायची, तिचा मी समाचार घेतला. ती नेटपाशी आली की मी चेंडू आभाळात सोडायचो, आणि तिच्या दोन वेण्या पाठीवर उडताना दिसायच्या. ज्यांना जोरदार चेंडूंचीच सवय लावलेली असते त्या मुलांना बिनजोराचा चेंडू म्हणजे पायरी चुकल्यासारखं होतं. पाय टाकावा तर खाली काहीच नाही!

शेवटी ती नेटपाशी आली. हात पुढे करून "थँक्यू, सर" म्हणाली आणि लगेच चेंडू वेचायला लागली.

घरी गेल्यावर मी सौभाग्यवतीला आकडे सांगितले. ती पोळ्या लाटत होती.

"कितवीत आहे हो ती?"

"सातवीत."

"सातवीतल्या मुलीला हरवलंत?" ती म्हणाली आणि लाटणं पुन्हा फिरू लागलं.

त्यानंतर मी पुस्तकांचा आधार घेतला. मास्तराला दुसरं काय सुचणार? टेनिसच्या इतिहासात म्हातारे विरुद्ध पोरं असा सामना पुन्हापुन्हा येतो आणि बहुधा तो म्हाताऱ्यांना महागात पडतो. १९७४च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात एकोणचाळीस वर्षांचा केन रोझवॉल एकवीस वर्षांच्या जिमी कॉनर्ससमोर उभा राहिला आणि सहा-एक, सहा-एक, सहा-चार असा धुऊन निघाला. रोझवॉलचा बॅकहँड चिरीव म्हणून जगप्रसिद्ध होता, हे वाचून तर मी पुस्तक मिटलंच. २०१९ साली त्याच गवतावर पंधरा वर्षांच्या कोको गॉफनं एकोणचाळीस वर्षांच्या व्हीनस विल्यम्सला हरवलं. गॉफचा जन्म होण्यापूर्वीच व्हीनस तिथं दोनदा जिंकली होती. सामना संपल्यावर नेटपाशी त्या मुलीनं व्हीनसचे आभार मानले. आपल्याला जिनं खेळायची प्रेरणा दिली तिलाच हरवल्यावर माणूस दुसरं काय बोलणार? दिलासा मिळाला तो एका पांचो गोंझालेसचा. १९६९ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, तो पंचवीस वर्षांच्या चार्ली पासारेलशी विम्बल्डनला पाच तास बारा मिनिटं खेळला. पहिला सेट बावीस-चोवीस असा गेला, दुसरा एक-सहा. त्या दिवशी अंधार पडला म्हणून खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी येऊन गोंझालेसनं उरलेले तिन्ही सेट घेतले. एकूण ११२ गेम. हा आकडा मी एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला.

पण मला सगळ्यांत जवळचे वाटले ते आमच्या सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर. लोक त्यांना ओळखतात ते बॅडमिंटनसाठी. १९५६ साली मलायात क्वालालंपूरला परदेशातली मोठी स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय, आणि १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक. परंतु नाटेकर आधी टेनिस खेळायचे. १९५१-५२च्या सुमारास ते कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोचले आणि हरले. कुणाकडून? रामनाथन कृष्णनकडून, म्हणजे त्यांच्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या एका मुलाकडून. त्यानंतर त्यांनी खेळच बदलला. तो मुलगा १९५४ साली विम्बल्डनचा कुमार विजेता झाला, पुढे १९६० आणि १९६१ साली मोठ्यांच्या उपान्त्य फेरीत खेळला. आणि नाटेकरांचा मुलगा गौरव १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आला, ते टेनिसमध्ये! ही हकीगत मी वर्गातसुद्धा दोन-तीनदा सांगितली आहे. तिचा अभ्यासक्रमाशी काही संबंध नव्हता.

माझ्यापाशी मात्र बदलायला दुसरा खेळ नव्हता. फार तर कॅरम.

रविवारमागून रविवार गेले. सहा-तीनचे सहा-चार झाले, मग सात-पाच. अण्णा आठवडाभर दुपारी तिला माझेच चेंडू घालत होते. हुबेहूब माझ्यासारखे, तितकेच वेडेवाकडे. मी एकदा लपून पाहिलं, तर माझी चेंडू मारतानाची तोंड वाकडं करायची लकबही त्यांनी उचलली होती आणि मुलगी खिदळत होती. ती गुडघ्यात वाकायला शिकली. बुटक्या चेंडूला एक हात सोडून तीही चिरायला लागली. एप्रिलमध्ये माझा आभाळातला चेंडू ती मागं पळत जाऊन परतवू लागली. मे महिन्यातल्या शेवटच्या मॅचचा शेवटचा सेट मी टायब्रेकमध्ये घेतला आणि घरी येऊन पाठीला शेक घेत पडलो.

दोन सेटांच्या मध्ये ती कधीकधी स्पर्धेतल्या गमती सांगायची. या कुमारांच्या स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्यांना पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर ते ज्यानं-त्यानं सांगायचं. रेघेला चेंडूची कड जरी शिवली तरी तो आत, आणि शंका असेल तर फायदा समोरच्याला द्यायचा, असा नियम. पण जाळीच्या पलीकडे आई-बाप उभे असतात, त्यांनी कर्ज काढून पोराला खेळायला आणलेलं असतं. अशा वेळी शंकेचा फायदा कुणाला जायचा तिकडेच जातो. मुलं सर्रास आतले चेंडू बाहेर म्हणतात.

"मग तू काय करतेस?" मी विचारलं.

"विचारायचं, 'आर यू शुअर?' दोनदा विचारायचं. मग रेफरीला बोलवायचं."

"आणि तिसऱ्यांदा विचारलं तर?"

"मग समोरची रडते," ती गंभीरपणे म्हणाली.

मी पोट धरून हसलो. तेवढंच.

पावसाळ्यात मुरमाच्या कोर्टाचा चिखल होतो. त्यातून आमच्याकडे कृष्णेचं पाणी चढू लागलं की गावाचं सगळं लक्ष आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं तिकडे. टेनिस कुणाला सुचतंय? कोर्टं पुन्हा उभी राहिली ती दसऱ्याला. आणि मुलगी आली ती चांगली चार बोटं उंच होऊन आली. वेण्या गेल्या होत्या. आता एकच, घट्ट बांधलेली.

त्या दिवशी बाकावर डॉक्टर, वकीलसाहेब आणि आणखी दोघे-तिघे चहा पीत बसलेले होते. पहिला सेट तिनं सहा-चार घेतला. बाकावर शांतता पसरली. 'प्रोफेसर, जाऊ द्या हो, वय झालं आता,' असं कुणीतरी पुटपुटल्याचं मला ऐकू आलं, किंवा ऐकू आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या सेटला मी माझी सगळी विद्या बाहेर काढली. उन्हाकडे तिचं तोंड असताना आभाळात चेंडू, मग नेटपाशी, मग पुन्हा आभाळात. पाच-चार अशी मला आघाडी मिळाली. सर्व्हिस माझी. चाळीस-तीस. एक गुण मिळाला की सेट माझा.

मी सर्व्हिस केली, तिनं परतवली, मी चिरला, ती वाकली आणि चेंडू माझ्या डाव्या कोपऱ्यात खोल मारला. मी जागचा हललो नाही. डोळ्याच्या कडेला मागच्या रेघेपाशी काहीतरी पांढरं उडाल्यासारखं दिसलं. आणि डोळ्यांची वाट न बघता तोंडातून शब्द गेला, "आउट!"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ जरा हलले. "ओके, सर," ती म्हणाली.

बाकावरून टाळ्या आल्या. मी चेंडू उचलायला मागं गेलो. चेंडूच्या लवेवर फक्कीचा एक ठळक पांढरा पट्टा उमटलेला होता. मी तो पाहिला. अंगठ्यानं पुसला. अंगठा चड्डीला पुसला. टेनिसचा पोशाख पांढरा असण्याची सोय मला त्या क्षणी कळली.

मुलीला शाळेच्या क्लासला जायचं होतं, म्हणून सामना एक-एक सेटवर थांबला. "वा प्रोफेसर! लाज राखलीत!" डॉक्टर म्हणाले. अण्णा गोणपाट ओढायला कोर्टावर उतरले. रोज ते नेटपासून सुरुवात करतात. त्या दिवशी सरळ माझ्या मागच्या रेघेपाशी गेले, तिथली माती आधी सारखी केली आणि मग नेटकडे वळले. मुद्दाम केलं की सहज, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

रात्री झोप येईना. वर्गात मी पोरांना एक संस्कृत वचन मोठ्या आवडीनं समजावून सांगत असतो: सगळीकडे विजयाची इच्छा धरावी, शिष्याकडून मात्र पराभवाची. मनात आलं, ती कुठं माझी शिष्या होती? अशी पळवाट शोधत असतानाच ध्यानात आलं की आपण पळवाट शोधतो आहोत. चेंडू बाहेर म्हटला ती चूक नजरेची होती. शेहेचाळिसाव्या वर्षी नजर चुकते, चष्म्याचा नंबर बदलतो, त्याला क्षमा आहे. पण अंगठा चुकला नव्हता. अंगठ्यानं जे केलं ते नीट बघून, विचार करून, जागेपणी केलं होतं. चूक नजरेची, लबाडी अंगठ्याची.

आणि त्याहून वाईट विचार आला तो पहाटे. पुण्यात अनोळखी मुलींना 'आर यू शुअर?' असं दोनदा विचारणाऱ्या या मुलीनं मला एकदाही विचारलं नव्हतं. का? सर कधी खोटं बोलत नाहीत म्हणून? छे. तिनं तर फक्की उडालेली समोरून स्वच्छ पाहिली असणार. तिनं विचारलं नाही, कारण मी सभासद होतो. तिच्या बापाचा पगार ज्या वर्गणीतून होतो तिच्यात माझाही वाटा होता. मी 'अहो अण्णा' म्हणत होतो आणि त्यांच्या मुलीला मला प्रश्न विचारायची सोय नव्हती. माझं व्याकरण अगदी निर्दोष होतं.

पुढच्या रविवारी मुलगी आली नाही. "परीक्षा आहे, सर," अण्णा म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही परीक्षाच होती. तिसऱ्या रविवारी मी सकाळी गेलोच नाही. दुपारी साडेअकराला, उन्हात गेलो. कोर्टावर बापलेक होते. मला त्या वेळी आलेला पाहून अण्णा घाईघाईनं चेंडूंची बादली उचलू लागले, जणू काही चोरी सापडली.

मी पाठ करून आलेलं वाक्य बोलून टाकलं. "त्या दिवशीचा तो शेवटचा चेंडू आत होता. रेघेवर पडला होता."

"माहीत आहे, सर," मुलगी म्हणाली.

"मग विचारलं का नाहीस?"

तिनं बापाकडे पाहिलं. अण्णा नेटच्या खांबाकडे बघत होते. "पप्पा म्हणालेत, मेंबरांना विचारायचं नाही." मग जरा थांबून, बापाची बाजू सावरावी म्हणून, "आणि ते म्हणाले, असले कॉल पुण्यातही मिळतात. त्याचीही प्रॅक्टिस होते."

"लहान आहे, सर. काहीही बोलते," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा मला पाहवेना. माझाही त्यांना पाहवत नसावा.

"अण्णा, यापुढे तिनं विचारायचं," मी म्हणालो. "दोनदा विचारायचं. आणि तो सेट तिचा होता, असं मी सगळ्यांना सांगणार आहे."

"सेट नाही, सर," मुलगी म्हणाली. "ड्यूस झाला असता."

हिशेब बरोबर होता. चाळीस-तीस माझे होते, तो गुण तिचा म्हणजे चाळीस-चाळीस. मी घाईघाईत दानशूरपणाही चुकीचा करायला निघालो होतो.

"मग ड्यूसपासून खेळू," मी म्हणालो.

त्या उन्हात आम्ही तिथूनच खेळलो. पाच-चार, माझी सर्व्हिस, ड्यूस. बाकावर कुणी नव्हतं. मध्ये एकदा तिचा चेंडू बाजूच्या रेघेबाहेर पडला आणि मी तसं म्हणालो. ती थबकली. अण्णांनी मान खाली घातली. "आर यू शुअर, सर?" तिनं विचारलं. आवाज इतका बारीक की वारा असता तर मला ऐकू आला नसता. मी तिला नेटच्या अलीकडे बोलावलं आणि मुरमावरची खूण दाखवली. खूण आणि रेघ यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. तिनं वाकून पाहिलं, मान डोलावली आणि परत गेली. पंधरा मिनिटांत तिनं ओळीनं तीन गेम घेतले. सहा-चार, सात-पाच. मी हा आकडा दुसऱ्या दिवशी बाकावर सांगितला, चेंडूच्या हकीगतीसकट. वकीलसाहेबांनी चहाचा घोट घेतला. डॉक्टर म्हणाले, "अहो, असं चालायचंच. खेळ आहे."

मला ते चालवून घेतलेलं बरं वाटलं नाही आणि न चालवलेलंही आवडलं नसतं. असो.

मुलीला सकाळी एक तास कोर्ट मिळावं असा अर्ज मी कमिटीकडे केला. तो मंजूर व्हायला दोन सभा लागल्या. पहिल्या सभेत चहाच्या दरावरच वेळ संपला. आता सकाळी पाच ते सहा कोर्ट तिचं असतं. आमच्या मॅचा फार दिवस चालल्या नाहीत. यंदाच्या जानेवारीत तिनं मला सहा-एक, सहा-शून्य हरवलं, आणि तो एक गेमही मला तिनं तिच्या बापाकडून शिकलेल्या कलेनं दिला की काय, असा मला संशय आहे. हल्ली ती इंजिनिअरिंगच्या दोन पोरांशी खेळते. ती पोरं माझ्यापेक्षा दुप्पट जोरानं मारतात आणि तिप्पट कुरकुर करतात.

पण गेल्या महिन्यात ती एकदा कॉलेजच्या गेटाशी माझी वाट बघत उभी होती. पुण्याच्या स्पर्धेत तिच्याच बाजूच्या यादीत कुणी एक मुलगी होती, ती सगळे चेंडू चिरून मारते म्हणे. "सर, तुमचे ते घाणेरडे चेंडू टाकाल का? दोन बादल्या?" तिनं विचारलं, आणि मग जीभ चावली.

मी पहाटे पाचला गेलो. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. दिव्याखाली अण्णांनी ताज्या फक्कीच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. मी नेटपाशी उभा राहून एकेक चेंडू चिरत होतो, ती वाकून तो कोपऱ्यात परतवत होती. दुसऱ्या बादलीतला एक चेंडू तिनं मारला तो माझ्या मागच्या रेघेपाशी पडला. मी वळलो, पण उशिरा. मला काही नीट दिसलं नाही.

"आत!" मी म्हणालो.

"नाही, सर. बाहेर होता," ती म्हणाली आणि पुढच्या चेंडूसाठी जागेवर जाऊन उभी राहिली.